साडेतीन वितींचा बोगदा

मित्रांनो, ओळख करून देण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी खोटा आहे. ज्या मोठ्या यंत्रात माणसाला झोपवून त्याच्या डोक्याच्या आतली चित्रं काढतात, त्या यंत्रासारखा मी हुबेहूब दिसतो. तसाच पांढरा, तसाच गोल तोंडाचा, तशीच पुढेमागे सरकणारी खाट. पण माझ्या पोटात ना चुंबक आहे ना कसले किरण. प्लायवूड, फोम, पांढरा रंग आणि एक जुना स्पीकर, एवढाच माझा संसार. आता मी म्हातारा झालो आहे. रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि खाट सरकताना कुरकुरते. खोटं असण्याची मला कधी लाज वाटली नाही. एकदाच वाटली, आणि तीच हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, सुतारकामाच्या खोलीत झाला. तिथले सुतारकाका एरवी दारांच्या बिजागऱ्या, पलंगांचे पाय आणि औषधांची कपाटं दुरुस्त करत. एके दिवशी डॉक्टरबाई त्यांच्याकडे एक चित्र घेऊन आल्या. डॉक्टरबाई मुलांच्या मेंदूचा अभ्यास करत. त्यांची अडचण अशी होती की खरं यंत्र भलताच गोंगाट करतं. मुलं दचकतात, मान हलवतात आणि चित्र बिघडतं. गवताच्या पात्याच्या जाडीएवढी मान हलली तरी काम फुकट जातं. तेव्हा मुलांना आधी सराव करायला एक खोटं यंत्र हवं होतं.

सुतारकाका चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, जन्मभर खरी कपाटं केली. आता खोटं यंत्रही करून बघू."

तीन आठवड्यांत त्यांनी मला उभा केला. खाटेसाठी एक निकामी स्ट्रेचर घेतलं, त्याची चाकं काढून खणांना लावतात तशा सरकपट्ट्या लावल्या. डोक्याभोवती बसणारा पिंजरा प्लास्टिकच्या टोपलीतून कापून काढला. पिंजऱ्यावर एक आरसा तिरका बसवला, म्हणजे आत झोपलेल्या मुलाला पायाकडच्या पडद्यावरचे मासे दिसत. आवाजाचं काम यंत्रकाकांनी केलं. यंत्रकाका म्हणजे शेजारच्या खोलीतलं खरं यंत्र चालवणारे तंत्रज्ञ. खऱ्याचा सगळा आरडाओरडा त्यांनी टेप करून माझ्या स्पीकरमध्ये भरला. आधी चार मिनिटं ठकठक, मग सहा मिनिटं भुंग्यासारखी घरघर, मग आठ मिनिटं न थांबणारी टिटिटिटि. अठरा मिनिटांचं हे गाणं मला तोंडपाठ आहे. आजही म्हणून दाखवीन, पण तुम्ही कानांवर हात ठेवाल.

त्या खऱ्याची आणि माझी भिंत एकच होती. त्याचा थाट काय सांगू! त्याला थंड ठेवायला वेगळी व्यवस्था, त्याच्या दाराला वेगळं कुलूप. त्याच्या खोलीत जाताना माणसं घड्याळ, किल्ल्या, कमरेचा पट्टा, सगळं बाहेर काढून ठेवत. माझ्याकडे येताना कोणी साधी चप्पलही काढत नसे. पण मुलं आधी माझ्याकडे येत, आणि हसत येत, त्यामुळे मला त्याचा हेवा वाटायचं कारण नव्हतं. म्हणजे थोडासा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

माझ्या खोलीची मालकीण होती सरावताई. मुलांचा सराव घेणारी, म्हणून सरावताई. ती मुलांबरोबर पुतळ्याचा खेळ खेळे. मूल आडवं झालं की त्याच्या कपाळाला चिकटपट्टीने एक दोरा लावायचा आणि दोऱ्याचं दुसरं टोक छोट्या घंटीला बांधायचं. घंटी वाजली की पुतळा मोडला. मुलांना हा खेळ फार आवडे. काही मुलं तर घंटी वाजू नये म्हणून शिंकही गिळून टाकत.

डॉक्टरबाई नक्की काय शोधत आहेत, हे सरावताई प्रत्येक मुलाला सांगायची. मी ते शेकडो वेळा ऐकलं आहे. "तुझ्या डोक्यात खूप घरं आहेत," ती म्हणायची, "आणि सारखे एका घरातून दुसऱ्या घरी निरोप जात असतात. तू नुसता पडून असलास तरी जातात. जेवताना एक घर म्हणतं, अजून एक घास. दुसरं म्हणतं, आता पुरे. ही घरं एकमेकांशी कशी बोलतात आणि मुलाच्या वजनाशी त्या बोलण्याचा काही संबंध आहे का, ते आम्हाला बघायचंय. उत्तर अजून कोणालाच माहीत नाही. म्हणून तर तुला बोलावलंय."

तेव्हा किडकिडीत, मध्यम, अंगाने भरलेली, अशी सगळ्या प्रकारची मुलं येत. वजन पडद्यामागे करायचं आणि आकडा मोठ्याने म्हणायचा नाही, असा सरावताईचा कडक नियम होता. एकदा यंत्रकाकांच्या तोंडून एक आकडा निसटला, तेव्हा तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आठवडाभर पडद्याच्या त्या बाजूला फिरकले नाहीत.

ती माझी उमेदीची वर्षं होती. मुलं माझ्यात शिरत आणि म्हणत, "अरे, हे तर मस्तच आहे." आयांचा जीव भांड्यात पडे. पाहुणे डॉक्टर येत, माझ्यावर टकटक करून बघत आणि सुतारकाकांचं कौतुक करत. मी इतका फुगलो होतो की माझे खिळे कसे निघाले नाहीत याचंच नवल.

दुसऱ्या वर्षी मात्र कुजबुज सुरू झाली. अंगाने भरलेल्या मुलांची चित्रं नीट येईनात. माझ्यात ती अगदी पुतळ्यासारखी पडून राहत, घंटी एकदाही वाजत नसे. पण शेजारी गेली की मध्येच हलत. अभ्यासाचा नियम असा होता की तीन वेळा प्रयत्न करायचा. तिन्ही वेळा चित्र बिघडलं तर त्या मुलाच्या नावावर काट मारायची. एकेक करत एकोणीस नावांवर काट बसली, आणि ती जवळजवळ सगळी जड मुलांची.

"ही मुलं मुळातच चुळबुळी," यंत्रकाका म्हणत. "यांना स्वस्थ पडायला जमतच नाही."

मला वाईट वाटे, पण मीही मनात तेच म्हणत असे. माझ्याकडे तर घंटी वाजली नाही ना? मग दोष माझा नाही. एकतर मुलांचा, नाहीतर त्या शेजारच्या नकट्याचा. मित्रांनो, आपल्याकडे सगळं सुरळीत चाललं की माणूस काय नि यंत्र काय, पुढे चौकशी करत नाही.

आणि मग एके दिवशी भिंगरी आली.

भिंगरी दहा वर्षांची होती. तिला हे नाव तिच्या आजोबांनी दिलं होतं, कारण चालायला लागल्यापासून ती अंगणात स्वतःभोवती गरगर फिरायची. आता ती अंगाने चांगलीच गुबगुबीत झाली होती आणि फारशी फिरत नव्हती. तिची आई कपडे शिवायची. दुकानातून तशीच उठून आल्यामुळे तिच्या गळ्यात मोजायची टेप लोंबत होती आणि पदराला टाचण्या टोचलेल्या होत्या.

सरावताई भिंगरीच्या कपाळाला दोरा लावत असताना भिंगरीने विचारलं, "शेवटी आपल्या मेंदूचं चित्र घरी देता ना?"

"देतो की. रंगीत छापून देतो. कोणाला दाखवायचंय?"

"दादाला." दादा म्हणजे तिच्या काकांचा मुलगा. "तो सगळ्यांसमोर म्हणतो, हिच्या डोक्यातपण चरबीच भरलीय. मला त्याला दाखवायचंय की माझ्यात पण मेंदू आहे."

आईने झटकन तोंड खिडकीकडे फिरवलं. सरावताईने कपाळावरची चिकटपट्टी पुन्हा नीट दाबली. 

त्या दिवशी भिंगरी अठरा मिनिटं माझ्यात पडून राहिली. घंटीने हूं की चूं केलं नाही. सरावताईने टाळ्या वाजवल्या. "इतका पक्का पुतळा आजवर पाहिला नाही गं!" ती म्हणाली. भिंगरी ऐटीत शेजारच्या खोलीत गेली आणि मी भिंतीला कान लावला. ठकठक सुरू झाली. चार मिनिटं पूर्ण झाली. मग घरघर सुरू झाली आणि मध्येच बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. मधेच थांबणं म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. थोड्या वेळाने भिंगरी परत आली आणि माझ्या खाटेवर बसून बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिली.

पंधरा दिवसांनी दुसरा प्रयत्न झाला. माझ्यात पुन्हा पक्का पुतळा, आणि तिकडे ठकठकसुद्धा पुरी झाली नाही.

यंत्रकाका हातात फाइल घेऊन माझ्या खोलीत आले. ते वाईट माणूस नव्हते, पण दिवसभर बिघडलेली चित्रं बघून वैतागले होते. "ताई, अजून एक संधी आहे," ते सरावताईला म्हणाले, "पण मला काही आशा वाटत नाही. या मुलांचं असंच असतं."

भिंगरीने मान वर केली. तिचे डोळे डबडबले होते. "आई, ते आतून लहान आहे," ती म्हणाली. "इथे आहे तेवढं तिथे नाहीये."

"सगळी मुलं असंच म्हणतात, बाळा," यंत्रकाका म्हणाले. "भीती वाटली की जागा लहान वाटते."

आता इतका वेळ मूग गिळून बसलेली आई उठली. "भाऊ, एक सांगू का? मी वीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. अंगाला काय घट्ट होतंय, ते घालणाऱ्यालाच कळतं. शिवणाऱ्याने आरशात बघून 'छान बसलंय' म्हणायचं नसतं. मला ते तुमचं यंत्र एकदा मोजू द्या."

यंत्रकाका गोंधळले. "टेप आत चालणार नाही हो. तिच्या टोकाला पत्रा आहे. चुंबक ओढून घेईल."

"मग हात तर चालेल?"

यंत्रकाकांनी मान डोलावली. आईने टेप माझ्या खाटेवर ठेवली. कमरेला खोचलेली कात्री ठेवली. बांगड्या काढल्या. मग पदराच्या टाचण्या काढायला सुरुवात केली. सात निघाल्या. "झालं?" यंत्रकाकांनी विचारलं. आईने पदर झटकला आणि आठवी निघाली. एवढं सगळं होऊन ती आत गेली. यंत्र दोन तपासण्यांच्या मधल्या वेळेत शांत होतं, तेव्हा तिने बोगद्याच्या एका कडेला अंगठा टेकवला आणि करंगळीपर्यंत ताणून वीत टाकली. मग दुसरी, मग तिसरी. ती आतलं माप मनात घोकतच माझ्याकडे आली आणि माझ्या कडेला अंगठा टेकवला. एक वीत. दोन विती. तीन विती. आणि तरी जागा उरली.

"तिथे तीन," ती म्हणाली. "इथे साडेतीन."

सरावताईचा विश्वास बसेना. तिने टेप उचलली आणि स्वतः मोजलं. अठ्ठावीस इंच. यंत्रकाकांच्या पुस्तकात खऱ्याचं माप छापलेलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि हळू आवाजात म्हणाले, "चोवीस."

 मित्रांनो, आपली रुंदी आपल्याला कुठे माहीत असते? मला तर आजवर वाटत होतं की मी त्याची बरोब्बर नक्कल आहे.

सुतारकाकांना बोलावलं. ते आले, त्यांनी टेपकडे पाहिलं, आणि काही विचारायच्या आधीच खाली बसले. "मीच सैल ठेवला," ते म्हणाले. "पहिल्यांदा मापातच जोडला होता. पण नातवाला आत झोपवून बघितलं, तर पोरगं रडायला लागलं. म्हटलं, सरावाचंच तर आहे. पोरांना जरा मोकळं वाटू दे. दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच वाढवला. सांगायचं राहून गेलं." वाढवायला मला पुन्हा सुटा केला, तेव्हा ती आठवणही फळ्यांबरोबर सुटली असणार. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा सरावताईने त्यांना काही सांगितलं नाही. त्यांचा हात धरून आधी शेजारी नेलं आणि खाटेवर आडवं व्हायला लावलं, मग माझ्यात आडवं व्हायला लावलं. डॉक्टरबाई चांगल्या उंच आणि रुंद खांद्यांच्या होत्या. त्या माझ्यातून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "इथे हात अंगाशी सपाट राहतात," त्या म्हणाल्या. "तिथे जागाच नाही. हात पोटावर घ्यावे लागतात, खांदे वर चढतात. मग श्वास घेतला की हात उचलतात, हातांबरोबर खांदे, आणि खांद्यांबरोबर मान."

किडकिडीत मुलांना माझ्यात आणि त्याच्यात फरकच जाणवत नव्हता. दोन्हीकडे त्यांचे हात अंगाशी मावत. म्हणून कोणाला शंका आली नाही. ज्या मुलांना फरक जाणवत होता, ती सांगत होती, आणि आम्ही सगळे त्यांना भित्री आणि चुळबुळी ठरवत होतो.

डॉक्टरबाई माझ्या खाटेवर बसून राहिल्या. "फार हलली ती मुलं आपण वगळली," त्या म्हणाल्या. "थोडी हलली त्यांची चित्रं ठेवली. त्या चित्रांत लांबच्या घरांमधले निरोप तुटक दिसत होते. आणि मी लिहायला घेतलं होतं, की जड मुलांच्या मेंदूत निरोप तुटक जातात."

"मग ते खोटं आहे?" भिंगरीच्या आईने विचारलं.

"माहीत नाही. खरं असेलही, नसेलही. पण मी जे बघत होते तो मेंदू नव्हता. ती हलल्याची खूण होती." त्या भिंगरीकडे वळल्या. "तू आम्हाला सांगितलंस. आम्ही ऐकलं नाही. माझं चुकलं."

मोठं माणूस आपली माफी मागतं आहे, हे भिंगरीच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत असावं. ती आईच्या मागे सरकली. मी मात्र शरमेने काळवंडलो. मी मुलांशी गोड वागलो होतो. त्यांना मऊ गादी दिली, ऐसपैस जागा दिली, आणि मग तयारी नसताना त्यांना पुढच्या दारात ढकललं होतं. माझं सगळं कौतुक त्या चार इंचांचं होतं.

"कापायचा का?" सुतारकाकांनी विचारलं.

"कापता कशाला?" आई म्हणाली. "कपडा सैल झाला तर आतून अस्तर लावून घट्ट करता येतो. तसंच करा ना."

सुतारकाकांनी पातळ प्लायच्या पट्ट्या भिजवून वाकवल्या आणि मला आतून दुसरी कातडी चढवली. या वेळी त्यांनी माप तीनदा घेतलं, आणि चौथ्यांदा भिंगरीच्या आईला वीत टाकायला लावली. आईने मुलांच्या कोपरांखाली ठेवायला मण्यांनी भरलेल्या चार लहान उशा शिवल्या, आणि गुडघ्यांखाली घ्यायला एक लोड. कोपरांना टेका मिळाला की हात श्वासाबरोबर उचलत नाहीत, हे तिने भिंगरीला दुकानातल्या कापडाच्या ढिगावर झोपवून शोधून काढलं होतं. तशाच उशा तिने खऱ्या यंत्रासाठीही शिवल्या.

दुसऱ्या दिवशी भिंगरी माझ्यात शिरली आणि एका मिनिटात रडायला लागली. "इथेपण नको," ती म्हणाली. काकांच्या त्या नातवानंतर माझ्यात कोणी रडलं नव्हतं. मला वाटलं, ते अस्तर दातांनी उचकटून काढावं. पण मला दात नाहीत हे बरंच झालं.

सरावताईने तिला बाहेर घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "अरुंदच आहे ते. तुला अरुंद वाटलं तर ते बरोबरच आहे. आज फक्त एक मिनिट. उद्या दोन." पहिल्या दिवशी घंटी सतरा वेळा वाजली. दुसऱ्या दिवशी नऊ. आई पायथ्याशी बसून तिचा घोटा धरायची. पाचव्या दिवशी भिंगरीने स्वतःच एक युक्ती काढली. "हा आवाज आईच्या मशीनसारखा आहे," ती आतून म्हणाली. "फक्त आई आज फार जाड कापड शिवतेय." तेव्हापासून ती आत डोळे मिटून आईला एक लांबच लांब पडदा शिवताना बघायची. ठकठक म्हणजे एक कड, घरघर म्हणजे दुसरी, टिटिटि म्हणजे तळाची दुमड. दहाव्या दिवशी घंटी वाजली नाही.

मग तिसरा प्रयत्न. तो शेवटचा होता. नियम बदलावा असं डॉक्टरबाईंच्या मनात होतं, पण भिंगरी म्हणाली, "नको. तिसऱ्यातच करते." आई आठही टाचण्या काढून तिच्याबरोबर आत गेली, घोटा धरायला.

सरावताई माझ्या खाटेवर येऊन बसली. आम्ही दोघांनी भिंतीकडे कान टवकारले. ठकठक सुरू झाली. एक मिनिट, दोन, तीन, चार. पूर्ण! घरघर सुरू झाली. सरावताईने माझी कड घट्ट धरली. मागे इथेच तुटलं होतं. पाच मिनिटं. सहा. पूर्ण! मग टिटिटिटि. मित्रांनो, आठ मिनिटं किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. माझं स्वतःचं गाणं, रोज पाठ म्हणणारा मी, आणि तरी पुढे काय येणार हे आठवेना. सातव्या मिनिटाला बाहेरच्या बोळात कोणाच्या तरी हातून भांडं पडलं आणि सरावताईने डोळे मिटून घेतले. आवाज चालू राहिला. आणि मग तो आपोआप, नेहमीच्या जागी, व्यवस्थित संपला.

थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं. यंत्रकाका आधी आत आले. "काचेसारखं स्वच्छ!" ते ओरडले. "दोन वर्षांत असं चित्र आलं नाही." त्यांच्यामागून भिंगरी आली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तसंच होतं! अगदी असंच होतं!" आजवर मला मऊ म्हणाले, मस्त म्हणाले, पण या दोन शब्दांसाठी मी ती सगळी कौतुकं ओवाळून टाकीन.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी तिला रंगीत चित्र दिलं. भिंगरीने ते उजेडात धरलं आणि फार वेळ बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "यात चरबी कुठे आहे?"

आई दचकली, पण डॉक्टरबाई तिच्याजवळ खाली बसल्या आणि चित्रातल्या फिक्या भागावर बोट ठेवलं. "ही बघ. या सगळ्या निरोप नेणाऱ्या तारा. त्यांच्यावर चरबीचं आवरण असतं. ते असलं की निरोप झपाझप जातात."

"म्हणजे माझ्यात आहे?"

"सगळ्यांच्यात असते. माझ्यात, तुझ्या आईत, या यंत्रकाकांत."

"दादात पण?"

"त्याच्यात नसती, तर त्याला तुला चिडवायचंसुद्धा सुचलं नसतं."

भिंगरी हसू लागली. आधी हळू, मग इतकी की आईलाही हसू आवरेना. मग ती माझ्या खोलीच्या मधोमध उभी राहिली, चित्र छातीशी धरलं आणि स्वतःभोवती गरगर फिरली. आईने तोंडावर पदर घेतला. असं फिरताना तिने लेकीला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरबाईंनी आपलं लिखाण बाजूला ठेवलं आणि काट मारलेली एकोणीस नावं समोर घेतली. त्यांनी प्रत्येक घरी स्वतः फोन केला. मी ते फोन ऐकले, कारण त्या माझ्याच खोलीत बसून करत. "चूक मुलाची नव्हती," त्या म्हणत. "जागेची होती. आम्ही मोजलं नाही." चौदा मुलं परत आली. त्यातल्या बारा जणांची चित्रं स्वच्छ आली. घरं एकमेकांशी कशी बोलतात त्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला आणि त्याला आणखी दोन वर्षं लागली. उत्तर आधीसारखं सोपं आलं नाही. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता निदान आपण मुलांकडेच बघतोय."

पुढे तो अभ्यास संपला. मला मधली काही वर्षं अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांबरोबर काढावी लागली. त्या दिवसांत मी अस्तरासकट वाळवीचं जेवण होणार असंच वाटत होतं. मग मुलांच्या वॉर्डातल्या परिचारिकांना माझी आठवण झाली. आता मी तिथे आहे. तपासणीआधी मुलं माझ्यात झोपून बघतात. बरीचशी म्हणतात, "ई, किती अरुंद!" मी मनात म्हणतो, बाळा, बरोबर ओळखलंस.

माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. माझी खाट कुरकुरते, तिला अधूनमधून तेल द्या. माझ्या उशा फाटल्या तर शिवून द्या. आणि एखादं मूल चुळबुळ करताना दिसलं, अभ्यासाला बसवत नाही म्हणालं, खेळात मागे राहिलं, ताटावरून लवकर उठलं किंवा उठलंच नाही, तर त्याला नाव ठेवण्याआधी एक वीत टाकून बघा. आपण त्याला जिथे बसवलं, ती जागा त्याच्या मापाची आहे का?

आता एवढंच राहिलं. एकोणीसपैकी पाच मुलं परत आली नाहीत. काहींची घरं बदलली होती, काहींचे फोन लागले नाहीत, आणि एका मुलाने फोनवर सांगितलं की त्याला पुन्हा कोणाकडून ऐकायचं नाही की त्याला जमत नाही. ती पाचही जणं आता मोठी झाली असतील. कदाचित त्यांच्यापैकी कोणी आपल्या मुलाला हे वाचून दाखवत असेल. मित्रा, तो तूच असशील तर ऐक. त्या दिवशी तू चांगला पुतळा होतास. मी सैल होतो.